दोन कॉम्प्युटरवरचा गाण्यांचा संग्रह एक कसा करावा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि बऱ्याच घरांतला जुना डेस्कटॉप निवृत्तीच्या वाटेला लागला. त्यावर सीडींवरून उतरवलेली, कॅसेटवरून रेकॉर्ड केलेली गाणी असतात. लॅपटॉपवर नंतर जमवलेला वेगळा संग्रह असतो, आणि त्यातली निम्मी गाणी दोन्हीकडे असतात. एक फोल्डर दुसऱ्यावर ओढून टाकला तर एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात, एका गायकाचे चार गायक होतात आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट रिकाम्या पडतात.

यातून वाचायचं तर एक गोष्ट पक्की धरा. संग्रहाची माहिती प्रोग्रॅमच्या पोटात राहू द्यायची नाही, ती गाण्याच्या फाइलीतच लिहायची. प्रोग्रॅम बदलतात, बंद पडतात. फाइलीतला टॅग, म्हणजे गायक, अल्बम, शीर्षक यांची नोंद, सोबत येतो. खालचा क्रम याच हिशेबाने लावलेला आहे आणि तो बदलू नये. विशेषतः हुबेहूब डुप्लिकेट शोधण्याचं काम टॅगला हात लावायच्या आधीच उरका. कारण तिथे येईलच.

आधी मोजदाद

गाणी फक्त म्युझिक फोल्डरमध्ये नसतात. डाउनलोड्स, डेस्कटॉप, डी ड्राइव्हवरचे 'न्यू फोल्डर', आयट्यून्सचा मीडिया फोल्डर, फोनवरून उतरवलेले फोल्डर, सगळीकडे पाहा. विंडोजवर एव्हरीथिंग नावाचा मोफत शोधक एमपी३, एम४ए, डब्ल्यूएमए, फ्लॅक, डब्ल्यूएव्ही अशा प्रत्येक प्रकारच्या फाइली काही सेकंदांत काढून देतो. प्रकारागणिक संख्या आणि आकार कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर याच आकड्यांशी ताळा जुळवायचा आहे.

जागेचा अंदाज सोपा आहे. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं) एमपी३ मिनिटाला सुमारे १ एमबी, ३२०चं सुमारे २.४ एमबी. सीडीवरचा मूळ आवाज मिनिटाला साधारण १०.६ एमबी आणि त्याचं फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता आकार घटवणारा प्रकार, केलं की बहुतेक वेळा ५ ते ६ एमबी. दोन्ही संग्रहांची बेरीज करून त्याच्या तिप्पट मोकळी जागा हाताशी ठेवा: एक बॅकअपसाठी, एक कामासाठी, एक तयार संग्रहासाठी.

मोजताना दोन सापळे असतात. पहिला वनड्राइव्हचा. म्युझिक फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर काही फाइलींपुढे ढगाचं चिन्ह दिसतं. त्या फाइली कॉम्प्युटरवर नाहीत, नुसती पाटी आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. दुसरा सापळा कुलूपबंद फाइलींचा. एम४पी या फाइली ॲपलच्या संरक्षणाखालच्या आहेत: २००९च्या आधी विकत घेतलेली गाणी किंवा ॲपल म्युझिकच्या वर्गणीतली डाउनलोड. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरने 'कॉपी प्रोटेक्ट' चालू ठेवून उतरवलेल्या डब्ल्यूएमए फाइलीही दुसऱ्या मशीनवर वाजत नाहीत. अशा फाइली वेगळ्या काढा. मूळ सीडी घरात असेल तर ती पुन्हा उतरवणं हाच सरळ मार्ग.

बॅकअप, आणि तोही दोन वेगळ्या फोल्डरांत

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. घरात मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण मॅकला एनटीएफएस डिस्क वाचता येते पण त्यावर लिहिता येत नाही. डिस्कवर 'डेस्कटॉप-मूळ' आणि 'लॅपटॉप-मूळ' असे दोन फोल्डर करा आणि दोन्ही संग्रह जसेच्या तसे त्यात उतरवा. नावं सुधारायची नाहीत, साफसफाई करायची नाही.

कॉपी टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅमने करा आणि पडताळणी चालू ठेवा. जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क दहा-बारा वर्षांची असेल तर काही फाइली वाचताना अडतात. पडताळणी नसेल तर हे कळतं ते थेट गाणं मध्येच तुटल्यावर. डिस्क खरखरत असेल, वारंवार अडखळत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ही कॉपी संपवा. यूएसबी २ पोर्टवरून प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ६० जीबीला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. दोन्ही मशीन राउटरला केबलने जोडलेली असतील आणि दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे असतील तर नेटवर्कवरून हेच काम याहून लवकर होतं. वायफायवरून मोठी कॉपी करू नये, मध्ये तुटली की कुठपर्यंत आली याचा पत्ता लागत नाही.

कॉपी संपली की फाइलींची संख्या कागदाशी ताडून पाहा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

प्रोग्रॅममधली माहिती बाहेर काढणं

आयट्यून्स वापरत असाल तर प्लेलिस्ट, तारे आणि 'किती वेळा वाजवलं' हे आकडे गाण्याच्या फाइलीत नसतात, ते लायब्ररीच्या फाइलीत असतात. फाइल मेनूत लायब्ररीखाली 'एक्स्पोर्ट लायब्ररी' आहे, त्याने एक एक्सएमएल फाइल तयार होते. ती जपून ठेवा. मग प्रत्येक महत्त्वाची प्लेलिस्ट 'एक्स्पोर्ट प्लेलिस्ट'ने एम३यू८ प्रकारात काढा. साधा एम३यू निवडलात तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. एम३यू८ युनिकोडमध्ये लिहिली जाते म्हणून ती सुरक्षित.

गाणी डिस्कभर विखुरलेली असतील तर त्याच लायब्ररी मेनूत 'ऑर्गनाइझ लायब्ररी'मध्ये 'कन्सॉलिडेट फाइल्स' आहे. तो सगळी गाणी एका फोल्डरात आणतो. पण तो फाइली हलवत नाही, त्यांची प्रत करतो. मूळ फाइली होत्या तिथेच राहतात आणि जागा दुप्पट लागते, शिवाय डुप्लिकेटांत भर पडते. हे पाऊल उचलायचंच असेल तर मोजदादीच्या आधी उचला, नाहीतर सगळे आकडे चुकतील. आणि 'कीप मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड'ची खूण काढून ठेवा. ती असली की तुम्ही टॅग बदलताच आयट्यून्स मागच्या मागे फाइलींची नावं आणि जागा बदलत राहतं.

तारे, म्हणजे गाण्याला दिलेलं रेटिंग, टिकवायचे असतील तर मीडियामंकी हा प्लेअर उपयोगी पडतो. तो आयट्यून्सची माहिती आपल्याकडे घेतो आणि रेटिंग फाइलच्या टॅगमध्ये लिहू शकतो. वाजवल्याच्या आकड्यांसाठी फार जीव टाकू नये असं आमचं मत आहे. ताऱ्यांमागे तुमची निवड असते, ती वाचवण्यासारखी असते.

मुख्य आणि आवक

दोनपैकी एक संग्रह 'मुख्य' ठरवा. मोठा कोणता हे पाहू नका, ज्याचे टॅग नीट आहेत तो मुख्य. दुसरा संग्रह 'आवक' नावाच्या फोल्डरात ठेवा. आवकमधून तपासलेलीच फाइल मुख्यमध्ये जाईल, थेट काहीही जाणार नाही. म्युझिकबी हा प्लेअर वापरणाऱ्यांना यासाठी 'इनबॉक्स' नावाची सोय आयतीच मिळते.

मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर कॉपी केलेल्या संग्रहात प्रत्येक गाण्यामागे, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली एक चिमुकली फाइल दिसेल. बहुधा ४ केबीची. शेवट एमपी३ असल्यामुळे प्लेअर तिला गाणं समजतो आणि यादीत न वाजणाऱ्या नोंदी भरतात. त्या सगळ्या शोधून काढून टाका, त्यांत आवाज नसतो. 'थम्ब्स' आणि 'डेस्कटॉप' नावाच्या लपलेल्या फाइलीही टाकून चालतील. 'फोल्डर' नावाचं जेपीजी मात्र ठेवा, ते अल्बमचं चित्र आहे.

डुप्लिकेट: पहिली फेरी

डूपगुरू हा मोफत प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. त्यात दोन्ही फोल्डर जोडा आणि मुख्य फोल्डरची स्थिती 'रेफरन्स' करा. रेफरन्समधली फाइल तो कधीच पुसत नाही, त्यामुळे हात चुकला तरी फटका आवकलाच बसतो. पहिल्या फेरीत 'कंटेंट्स'वरून शोधा. यात अक्षरशः बिट न् बिट सारख्या फाइली सापडतात आणि त्या डोळे मिटून काढता येतात.

ही फेरी आधी घ्यायचं कारण असं की टॅगमध्ये एक अक्षर बदललं तरी फाइल बदलते. मग आवाज तोच असूनही या पद्धतीला त्या दोन वेगळ्या फाइली दिसतात.

टॅग, म्हणजे खरं काम

एमपी३टॅग हा प्रोग्रॅम विंडोजवर मोफत आहे, मॅकवर विकत घ्यावा लागतो. शेकडो फाइली एकदम निवडून एकच रकाना बदलता येतो आणि चुकलं तर मागे फिरता येतं.

सगळ्यात आधी 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना भरा. बहुतेक गोंधळ हा रकाना रिकामा असल्याने होतो. एखाद्या चित्रपटात सहा गायक असतील आणि अल्बम आर्टिस्ट कोरा असेल, तर तो अल्बम सहा तुकड्यांत दिसू शकतो. चित्रपटगीतांना तिथे संगीतकाराचं नाव द्यावं, मिश्र संग्रहांना 'विविध कलाकार'. 'आर्टिस्ट'मध्ये त्या त्या गाण्याचा गायक, 'कंपोजर'मध्ये संगीतकार. गीतकारासाठी एमपी३टॅग आणि म्युझिकबीत वेगळा रकाना आहे, आयट्यून्समध्ये नाही. आयट्यून्सवरच राहणार असाल तर गीतकार 'कॉमेंट'मध्ये लिहा, शोधताना तरी सापडेल. शास्त्रीय संगीतात रागाचं नाव शीर्षकाच्या सुरुवातीला आणि 'ग्रुपिंग'मध्येही घाला, म्हणजे यमनचं सगळं एका यादीत येतं. 'जॉनर'मध्ये राग लिहू नये. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, ख्याल, लावणी अशी दहा-बारा नावं ठरवा आणि त्यापलीकडे जाऊ नका.

मग नावांची एकवाक्यता. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि तेच रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी. एमपी३टॅगमध्ये आर्टिस्टच्या रकान्यावर क्लिक करून यादी अक्षरक्रमाने लावा, एका नावाचे सगळे अवतार निवडा आणि एकच लिहून जतन करा. उपाधी टॅगमध्ये न ठेवलेली बरी. अनादर म्हणून नव्हे, शोध सोपा व्हावा म्हणून.

देवनागरी टॅगांत एक अडचण अशी आहे की ती डोळ्याला दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर एका खुणेने लिहिता येतं, किंवा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र तर तीन तऱ्हांनी साठवला जातो: अखंड ऱ, र आणि खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क फाइलच्या नावातला अखंड ऱ आपोआप र आणि नुक्ता असा तोडते. तीच फाइल विंडोजवर आली की एकाच फोल्डरात अगदी एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, आणि हे कसं शक्य आहे असा प्रश्न पडतो. उपाय साधा आहे. एका कीबोर्डवरून योग्य रूप टाइप करा आणि एमपी३टॅगच्या 'रिप्लेस' ॲक्शनने बाकीची रूपं त्यात बदलून घ्या.

टॅगमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर त्यातून मूळ नाव परत मिळत नाही, तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत. पण वर टोप्या आणि रेघा असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर आशा आहे. युनिकोड मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला गेलेला असतो, आणि एमपी३टॅगची 'कन्व्हर्ट कोडपेज' ॲक्शन तो बऱ्याचदा सरळ करते. एमपी३ फाइलींत टॅगची जुनी आवृत्ती, आयडी३ व्ही१, असेल तर ती काढून टाका. तिच्यात शीर्षकाला ३० अक्षरांची जागा असते आणि देवनागरी बसतच नाही. नवे टॅग आयडी३ व्ही२.३मध्ये लिहा. व्ही२.४ नवी आहे, पण जुन्या कारमधले आणि घरातले स्टीरिओ ती वाचतीलच असं नाही.

बऱ्याच कार स्टीरिओंवर देवनागरी चौकोन होऊन येते. पेन ड्राइव्हवरून गाडीतच जास्त ऐकत असाल तर फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमनमध्ये ठेवा, टॅग देवनागरीत. फोल्डर पाहून गाणं निवडता येतं.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम गाण्याच्या आवाजाचा ठसा घेऊन त्याची ओळख पटवतो. 'ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट' अशा अनाथ फाइलींसाठी तो उत्तम. मात्र मराठी आणि शास्त्रीय ध्वनिमुद्रिकांची नोंद तिथे तुटपुंजी आहे, त्यामुळे तो कधीकधी गाणं बरोबर ओळखतो आणि अल्बम भलताच लावतो. जुळणी किती पक्की आहे हे तो रंगाने दाखवतो: हिरवी ठेवा, लालकडे झुकणारी सोडून द्या. फाइलींची नावं बदलण्याचा आणि त्या हलवण्याचा, दोन्ही पर्याय सुरुवातीला बंद ठेवा. टॅगची आवृत्तीही त्याच्या सेटिंगमध्ये २.३ करून घ्या, आपणहून तो २.४ लिहितो.

डुप्लिकेट: दुसरी फेरी, आता कानाने

टॅग नीट झाल्यावर डूपगुरूत म्युझिक मोड निवडा आणि शीर्षक व कलाकारावरून शोधा. आता जे जोड समोर येतील त्यांतला एकही आपोआप पुसू नका. कालावधीचा स्तंभ पाहा. फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर बहुधा तेच ध्वनिमुद्रण. जास्त असेल तर ऐका.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर ते प्रसारित झालं तेव्हा ५६ गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. नंतर सुधीर फडक्यांनी स्वतः गायलेली ध्वनिमुद्रणं आली. दोन्हींची शीर्षकं तीच, कवी तोच, संगीतकार तोच. कलाकाराच्या रकान्यात घाईने 'सुधीर फडके' भरलेलं असेल तर प्रोग्रॅम त्यांतलं एक पुसायला निघेल. मैफल आणि स्टुडिओ, ७८ आरपीएमच्या तबकडीवरचा साडेतीन मिनिटांच्या आतला ख्याल आणि त्याच रागाची अर्ध्या तासाची एलपी, हेही असेच वेगळे आहेत. ठशावर विसंबणं इथे बरं नाही, कारण पिकार्डचा ठसा सहसा पहिल्या २ मिनिटांचाच असतो. लांब मैफलीची पूर्ण प्रत आणि शेवट तुटलेली प्रत सुरुवातीला सारखीच असते.

कॅसेटवरून दोनदा उतरवलेलं ध्वनिमुद्रण असेल तर पट्टी तपासा. टेपरेकॉर्डर ३ टक्के जास्त वेगाने फिरत असेल तर स्वर जवळपास अर्ध्या सेमीटोनने चढतो आणि ३० मिनिटांची बाजू सुमारे ५२ सेकंद आधी संपते. हार्मोनियमशी मिळवून पाहिलं की कोणती प्रत खरी याचा निकाल लागतो. बरोबर पट्टीची प्रत ठेवा, तिचा आवाज थोडा घासलेला असला तरी.

एकच ध्वनिमुद्रण दोन दर्जांत असेल तेव्हा आकड्यावर जाऊ नका. १२८चं एमपी३ कुणी ३२०मध्ये किंवा फ्लॅकमध्ये रूपांतरित केलेलं असू शकतं. त्याने फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. स्पेक या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. १२८च्या एमपी३चा पट, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, साधारण १६ किलोहर्ट्झला सपाट कापलेला दिसतो, खऱ्या ३२०चा २०च्या आसपास. जुन्या तबकड्यांना हा निकष लावू नका, त्यांत मुळातच वरचे स्वर कमी असतात. दर्जा एका फाइलीचा चांगला आणि टॅग दुसरीचे चांगले असतील, तर एमपी३टॅगमध्ये एकीचे टॅग कॉपी करून दुसरीवर पेस्ट करा आणि मग कमी दर्जाची काढा.

फोल्डरांची रचना

अल्बम आर्टिस्ट, त्याखाली अल्बम, त्याखाली डिस्क क्रमांक, ट्रॅक क्रमांक आणि शीर्षक. एमपी३टॅगच्या 'कन्व्हर्ट' मेनूतून टॅगवरून फाइलनाव हे एका दमात होतं. डिस्क क्रमांक विसरलात तर दोन सीडींच्या अल्बममध्ये दोन ट्रॅक ०१ एकमेकांच्या अंगावर येतात.

लांबीची मर्यादा देवनागरीला लवकर गाठते. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं स्वतंत्र अक्षर म्हणून मोजलं जातं. 'ज्ञानेश्वर' दिसायला ४ अक्षरं, मोजणीत १०. लिनक्सवर किंवा तशाच बहुतेक घरगुती सर्व्हरवर एका नावाला २५५ बाइट असतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, म्हणजे ८५ चिन्हं. अभंगाची पूर्ण पहिली ओळ फाइलनावात घालू नका, टॅगमध्ये घाला. विसर्गासारखे दोन बिंदू, प्रश्नचिन्ह, तारका आणि तिरप्या रेघा विंडोजला फाइलनावात चालत नाहीत.

प्लेलिस्ट पुन्हा जिवंत करणं

एम३यू८ ही साधी मजकुराची फाइल आहे, प्रत्येक ओळीत एका गाण्याचा पत्ता. नोटपॅडमध्ये उघडा आणि पत्त्याचा जुना भाग 'रिप्लेस ऑल'ने नव्यात बदला. फाइलींची नावंही बदलली असतील तर एवढ्याने भागत नाही, त्या ओळी हाताने जुळवाव्या लागतात. म्हणून ज्यांच्याकडे लांबलचक प्लेलिस्ट आहेत त्यांनी नावं बदलण्याआधी गाणी मुख्यमध्ये आणावीत, प्लेलिस्ट म्युझिकबीत उघडाव्यात आणि नावं म्युझिकबीतूनच बदलावीत. तो प्लेलिस्टमधले पत्ते सोबत बदलत जातो.

पुन्हा दोन होऊ नयेत म्हणून

नवं गाणं एकाच मशीनवर यायला हवं. दुसऱ्या मशीनकडे फ्रीफाइलसिंक या प्रोग्रॅमने एकाच दिशेने प्रत पाठवा. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे पर्याय आहेत. मिरर निवडलात तर मूळ ठिकाणी नसलेलं सगळं पलीकडून पुसलं जातं. सुरुवातीचे काही महिने 'अपडेट'वरच राहा, आणि पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात साठवण्याची सोय चालू ठेवा.

जुन्या डेस्कटॉपची डिस्क पुसण्याआधी शेवटचा ताळा घ्या. कागदावरची सुरुवातीची संख्या, वजा काढलेली डुप्लिकेट, वजा कुलूपबंद फाइली, ही मुख्य फोल्डरच्या संख्येशी जुळायला हवी. मग फूबार२००० या प्लेअरमध्ये पूर्ण संग्रह निवडून फाइलींची अखंडता तपासणारा घटक चालवा. तुटलेल्या फाइलींची यादी तो देतो, आणि त्या अजून कपाटातल्या डिस्कवर शोधता येतात. ती डिस्क पुसू नका. तिच्यावर जागा कमी पडली तर नवी घ्या.